‘कुठी चालले, भाऊ?’ : चौकशी की चोंबडेपणा?

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत सकाळी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत किमान चार जण विचारणार, ‘कुठी चालले, भाऊ?’ विचारणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्या प्रवासाशी काही देणंघेणं नसतं. ‘पुसदले जाऊन येतो’ एवढं उत्तर पुरतं, आणि ‘इथंच’ म्हटलं तरी कुणी उलटतपासणी घेत नाही. उलट कुणी विचारलंच नाही, तर घरी आल्यावर तो बायकोला म्हणेल, ‘काय झालं गावाले? कोनी बोललंबी नाही.’

हाच प्रश्न पुण्याच्या सदाशिव पेठेत जिन्यात भेटलेल्या घरमालकांना विचारून पाहावा. किंवा स्टॉकहोममध्ये लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीला. पुण्यात बहुधा ‘तुम्हाला काय करायचंय?’ एवढं तरी ऐकायला मिळेल. स्टॉकहोमची शेजारीण कसनुसं हसेल आणि पुढच्या वेळी तुम्ही दिसलात तर जिन्यानं जाईल.

प्रश्न तोच, मनातला भावही तोच. पण एका गावात ती आपुलकीची चौकशी ठरते आणि दुसऱ्या गावात चोंबडेपणा. घर सोडून दूर राहायला गेलेल्यांच्या वाट्याला येणारे कितीतरी टोमणे, गैरसमज आणि मनस्ताप यातूनच जन्माला येतात, मग ते महागाव तालुक्यातून पुण्याला गेलेले असोत, पुण्यातून न्यू जर्सीला गेलेले असोत किंवा मोगादिशूहून मिनेसोटाला गेलेले सोमाली असोत. ज्याला आपण उद्धटपणा म्हणतो, तो पुष्कळदा दुसऱ्या गावचा शिष्टाचारच असतो. हे नुसतं समजूतदारपणाचं वाक्य नाही. भाषा आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या सत्तर वर्षांत ते बरंच तपासून पाहिलं आहे.

पाऊसपाणी विचारणारे मुलूख

चौकशी करणं हा शिष्टाचार का झाला, हे समजायला आधी मुलूख पाहावा लागतो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पैनगंगा वाहते आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यातलं माहूर. शेती मुख्यतः कोरडवाहू; कापूस, सोयाबीन, तूर. पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवाराला हुलकावणी देतो. अशा ठिकाणी ‘तिकडं पाऊस हाय का?’, ‘कापसाले काय भाव लागला?’ हे प्रश्न गप्पांसाठी नसतात. समोरून येणारा माणूस हेच वर्षानुवर्षं इथलं बातमीपत्र होतं. त्याला न विचारता पुढं जाणं म्हणजे त्याच्याजवळ काही मोलाचं नाही असं सुचवणं.

हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या पूर्व टोकाच्या सोमालियात हेच चित्र आणखी ठळक आहे. उंट, शेळ्या, मेंढ्या घेऊन पाण्यामागे फिरणाऱ्या पशुपालकांचा हा समाज. सोमाली माणूस भेटला की पहिला शब्द ‘नबद’, म्हणजे शांतता. ‘शांतता आहे ना?’, ‘शांतता आहे.’ मग घरच्यांची खुशाली, जनावरांची खुशाली, कुठं पाऊस झाला, कुठल्या विहिरीला पाणी आहे. ‘तुझी खबर सांग’ हाच तिथं अभिवादनाचा भाग. कोरड्या मुलखात खबर मिळाली नाही तर कळप मरतो. म्हणून खबर विचारणं आणि खरी खबर देणं हा माणुसकीचा पहिला नियम झाला.

१९९१ मध्ये सियाद बर्रे यांची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि लाखो सोमाली लोक देशाबाहेर पडले. केनिया, ब्रिटन, स्वीडन, कॅनडा आणि अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य इथं त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. गरज मागं राहिली, सवय सोबत गेली. विहिरीची चौकशी करायचं कारण उरलं नाही, तरी भेटल्यावर लांबलचक खुशाली विचारणं उरलं. घाईत असलेल्या शहरातल्या कारकुनाला ते वेळकाढूपणाचं वाटतं आणि थेट ‘बोला, काय काम?’ म्हणणारा कारकून सोमाली आजोबांना संस्कार नसलेला वाटतो.

आपल्याकडे तर अभिवादनाचेही अनेक पर्याय एकाच रस्त्यावर सापडतात. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलीसोबत बंजारा तांड्यांवरची गोरमाटी, गोंडी, कोलामी, दखनी वळणाची उर्दू आणि तेलंगणाच्या बाजूला तेलुगू ऐकू येते. त्यामुळे पाटलाशी ‘रामराम’, बौद्ध मित्राशी ‘जय भीम’, तांड्यावरच्या माणसाशी ‘जय सेवालाल’, गोंड पाहुण्याशी ‘जय सेवा’ आणि मुसलमान दुकानदाराला ‘सलाम’ असं करत माणूस बाजार पालथा घालतो. समोरच्याचं अभिवादन आपण उच्चारणं हा मोठा शिष्टाचार आहे, आणि तो कुठल्याही शाळेत शिकवलेला नाही.

दोन भुका

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. चारचौघांत वावरताना प्रत्येक माणूस आपली एक प्रतिमा जपत असतो, आणि सभ्य माणसं स्वतःचीच नाही तर समोरच्याचीही प्रतिमा सांभाळतात. आपण यालाच ‘नाक’ म्हणतो. ते वर राहतं, खाली जातं, क्वचित कापलंही जातं.

पुढे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तमिळनाडूतलं एक खेडं, मेक्सिकोतले त्झेल्ताल भाषक आणि इंग्रजी बोलणारे यांच्या बोलण्याची तुलना केली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८७ मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या त्यांच्या मांडणीनुसार माणसाला दोन भुका असतात. एक, लोकांनी मला आपलं म्हणावं. दुसरी, लोकांनी मला उगाच त्रास देऊ नये. पहिली भूक भागवायची तर जवळ जावं लागतं : नावानं हाक मारायची, चौकशी करायची, आग्रह करायचा, ताटात आणखी एक पोळी वाढायची. दुसरी भागवायची तर अंतर ठेवावं लागतं : आधी परवानगी मागायची, दार वाजवायचं, ‘तुम्हाला वेळ असेल तर’ म्हणायचं, वय आणि पगार विचारायचा नाही.

दोन्ही भुका सगळ्यांनाच असतात. फरक पडतो तो कुठली आधी भागवायची यात. फुलसावंगीचा कल पहिलीकडे, लंडनचा दुसरीकडे. म्हणून लंडनचा माणूस गावात आला की त्याला गुदमरल्यासारखं होतं आणि गावचा माणूस लंडनला गेला की त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटतं. दोघांनाही समोरच्यांनी आपापल्या परीनं उत्तम वागवलेलं असतं.

या सिद्धान्तावर आक्षेपही आले. जपानी भाषाशास्त्रज्ञ साचिको इदे यांनी १९८९ मध्ये म्हटलं की आमच्याकडे सभ्यपणा ही माणसानं निवडायची युक्ती नसते. आपली पायरी ओळखून वागणं म्हणजेच सभ्यपणा. मराठी माणसाला हे लगेच पटेल. सासऱ्यांना ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, यावर जावई विचार करत बसत नाही. त्याच घरात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. आईचा मान त्यानं तसूभरही कमी होत नाही. पूर्व विदर्भात ‘हो जी’, ‘काय जी’ यातला ‘जी’ अनोळखी माणसालाही आदरानं जोडून घेतो.

एक मावशी, एक आजीबाई

जवळ जाण्याचा आपला हुकमी मार्ग म्हणजे नातं लावणं. रिक्षावाला मामा किंवा दादा, भाजीवाली मावशी, शेजारी काका, आणि विदर्भात ज्याचं नाव माहीत नाही तो प्रत्येक पुरुष ‘भाऊ’. परक्या मुलखात गेल्यावर मराठी माणूस ही सवय किती घट्ट धरून ठेवतो, याची दोन उदाहरणं एकाच वर्षातली आहेत.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी त्या उतरल्या. दोघींची ओळख आधी फक्त पत्रांतून झालेली. आनंदीबाईंनी त्यांना मावशी करून टाकलं. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आणि मार्च १८८६ मध्ये पदवी घेताना परमुलखात त्यांना घर होतं ते या मावशीचं.

त्याच १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज इथं सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात पोचल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यावर रमाबाईंच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी होती. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. आणि याच आजीबाईंशी त्यांनी श्रद्धा, आज्ञापालन आणि विचारस्वातंत्र्य यावरून पानंच्या पानं वाद घातला. हा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आला. तो वाचताना दोन शिष्टाचार एकमेकांवर आदळताना दिसतात. मठाच्या शिस्तीत वडीलधाऱ्यांपुढे नम्रता म्हणजे ऐकून घेणं. रमाबाई मात्र पुण्या-कलकत्त्याच्या पंडितांच्या सभा गाजवून आलेल्या. त्यांच्यालेखी आजीशी वाद घालणं हा आजीचा अपमान नव्हता. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. आजी म्हटल्यावर भांडायचा हक्क मिळतो, हे त्यांना कोण सांगणार?

सोमाली लोकांची रीत ऐकून मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. वयानं मोठा अनोळखी पुरुष त्यांच्याकडे ‘अदेर’, म्हणजे काका. बाई ‘एड्डो’, म्हणजे आत्या. बरोबरीचा कुणीही ‘वलाल’, भाऊ किंवा बहीण. आणखी एक गंमत आहे. सोमाली आई आपल्या मुलालाच ‘होयो’, म्हणजे ‘आई’ अशी हाक मारते आणि बाप मुलाला ‘आबो’, म्हणजे ‘बाबा’ म्हणतो. वऱ्हाडात आजी नातीला ‘ये व माय’ आणि नातवाला ‘काय झालं रे बाप्पा’ म्हणते, तेव्हा याहून वेगळं काय करते? दोन्हीकडे हाक म्हणजे नात्याच्या दोराचं टोक. कुठूनही ओढलं तरी चालतं.

ज्या देशात माणसाला त्याच्या नावानं किंवा ‘श्री. अमुक’ म्हणून हाक मारतात, तिथं ही काकू-मावशी अडचणीची होते. पन्नाशीच्या इंग्लिश परिचारिकेला ‘आँटी’ म्हटलं की तिला आपलं वय काढल्यासारखं वाटतं. उलट तिनं साठ वर्षांच्या सोमाली किंवा मराठी आजीला पहिल्या भेटीत नुसत्या नावानं हाक मारली, की आजी दुखावते आणि औषधाचं काही विचारायचं असलं तरी विचारत नाही. नुकसान कुणाचं झालं ते सांगायला नको.

परदेश पुण्यापासून सुरू होतो

हे सगळं अनुभवायला पासपोर्ट लागतोच असं नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी विदर्भ-मराठवाड्यातली हजारो मुलं पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांत येऊन राहतात. खोली, मेस आणि अभ्यासिका या तीन ठिकाणांत त्यांचं आयुष्य चालतं. यवतमाळचा मुलगा मेसवाल्याला म्हणतो, ‘भाजी वाढ ना बे थोडी.’ गावाकडे या ‘बे’त मैत्री आहे, पेठेत तो कानाला टोचतो. ‘काहून?’ म्हटलं की शेजारच्या टेबलावर खसखस पिकते. महिनाभरात पोरगं बोलणं कमी करतं, सहा महिन्यांत ‘प्रमाण’ बोलायला लागतं आणि दिवाळीला घरी गेल्यावर मित्र म्हणतात, ‘लय पुनेकर झाला बे तू.’

दुसऱ्या बाजूनंही पाहू. पुण्यात आलेल्या पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारलं जातं आणि विदर्भातला पाहुणा मनातून खट्टू होतो. त्याच्याकडे दारात पाय ठेवला की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो आणि चहा विचारत नाहीत, टाकतात. पण पुणेकराच्या बाजूनं प्रश्न रास्त आहे. नको असलेला चहा माणसावर का लादायचा? त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक देणं हाच मान. म्हणजे ब्राउन-लेव्हिन्सन यांच्या दोन भुका एका राज्यात, एका भाषेत, एका चहाच्या कपावरून समोरासमोर येतात. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी धमाल तुलना केली, ती आजही लोकांना हसवते ती यामुळेच. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७९ मध्ये रंगमंचावर आलं आणि एकट्या नटानं उभी केलेली त्यातली बावन्न पात्रं मराठी प्रेक्षकांनी आपलीच म्हणून डोक्यावर घेतली. गावचा माणूस परक्या रीतिभातीत पडला की काय होतं, हे आपल्याला विनोदात पूर्वीपासून ठाऊक आहे. गंभीरपणे मात्र आपण त्याकडे फारसं पाहत नाही.

कुपवाड ते लंडन : एका माणसाचा अभ्यास

गंभीरपणे पाहणाऱ्यांत जॉन गंपर्झ हे नाव मोठं आहे, आणि त्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावावर त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. गावात जैन शेतकऱ्यांची कानडी, मुसलमानांची उर्दू, मराठी आणि थोडी तेलुगू अशा भाषा शतकानुशतकं शेजारी नांदत होत्या. गंपर्झ यांना दिसलं की प्रत्येकानं घरातली भाषा सोडलेली नाही, पण रोजच्या देवाणघेवाणीनं या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली आहे की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर होतं. वेगवेगळ्या गटांच्या लोकांना एकमेकांशी बोलायला मराठी उपयोगी पडे. एकमेकांना समजून घ्यायची गरज रोजची असली की व्याकरणसुद्धा वाकतं, हा कुपवाडचा धडा.

पुढे याच गंपर्झ यांना ब्रिटनमध्ये उलटं चित्र दिसलं. तिथल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. माल चढवणारे कामगार आणि मुकादम यांची तक्रार होती की या बायका उर्मट आहेत. त्या बोलत किती? जेमतेम एखाद-दुसरा शब्द. कुणी मांसाचा पदार्थ घेतला की त्यावर ग्रेव्ही हवी का, असं विचारायचं. इंग्लिश बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणताना शेवटी आवाज चढवत असे. आपल्या बायका ‘ग्रेव्ही’ म्हणताना आवाज खाली आणत. इंग्रजी कानाला पहिल्याचा अर्थ ‘ग्रेव्ही वाढू का?’ आणि दुसऱ्याचा ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.’ एका शब्दाच्या सुरावर माणसाचा स्वभाव ठरवला गेला.

आपल्या भाषांमध्ये प्रश्नाचा बराचसा भार ‘का’, ‘काय’, ‘क्या’ असे शब्द उचलतात, त्यामुळे आवाजाला इंग्रजीइतकी कसरत करावी लागत नाही. नम्रतेचंही तसंच आहे. ‘जरा ती फाईल देता का’ या वाक्यात ‘जरा’, आदरार्थी ‘देता’ आणि शेवटचा ‘का’ अशा तीन ठिकाणी सौजन्य वाटलेलं आहे. इंग्रजीत बोलताना हे तिन्ही गळून पडतात आणि उरतं ते ‘फाईल दे’ असं हुकूमवजा वाक्य. मग साहेब म्हणतो, हा भारतीय अभियंता फार उद्दामपणे बोलतो.

गंपर्झ यांच्या गोष्टीचा शेवट जास्त महत्त्वाचा आहे. संभाषणं ध्वनिमुद्रित करून दोन्ही बाजूंना एकत्र ऐकवण्यात आली. बायकांना सुरुवातीला फरकच जाणवेना. लोक आपल्याशी तुटकपणे वागतात ते वंशभेदामुळे, असं त्यांना वाटत होतं. फरक कळल्यावर त्यांनी सूर बदलला. पण त्याच बैठकीत मुकादमांनाही कळलं की खाली येणारा सूर ही या बायकांची प्रश्न विचारायची नेहमीची पद्धत आहे, त्यात कसलाही अपमान नाही. १९७९ मध्ये बीबीसीनं ‘क्रॉसटॉक’ नावाच्या कार्यक्रमातून हे काम लोकांपर्यंत नेलं. धडा दोघांनी शिकायचा होता आणि दोघेही तो शिकले.

आभार, नकार आणि डावा हात

‘भारतीय लोक थँक यू म्हणत नाहीत’ ही परदेशात नेहमी ऐकू येणारी तक्रार. घरच्या माणसानं पाण्याचा पेला दिला म्हणून त्याचे आभार मानले, तर तो आपल्याकडे विचारेल, ‘मी काय परका आहे का?’ यात आपण जगावेगळे नाही. सायमन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरगुती संभाषणं तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला : कुणी आपलं छोटंसं काम केल्यावर आभार मानण्याचं प्रमाण सरासरी वीसात एक. इंग्रजी बोलणारेसुद्धा घरात सात वेळांत एकदाच आभार मानत होते. म्हणजे सतत आभार मानणारे लोक हाच जगातला अपवाद आहे. पण ज्यांच्या देशात राहायचं, त्यांच्या दुकानात ‘थँक यू’ म्हटल्यानं आपलं काही जात नाही, हेही तितकंच खरं.

नकाराची गोष्ट आणखी मजेदार. पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘नको हो, आत्ताच झाला’ आणि तिसऱ्या आग्रहाला कप हातात, ही आपली चाल. अमेरिकेत हे चालत नाही असं सगळे सांगतात. पण मिनेसोटा हे असं राज्य आहे की तिथले जुने लोकही तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणत नाहीत. १९८७ मध्ये हॉवर्ड मोर यांनी मिनेसोटाच्या बोलण्याचालण्यावर लिहिलेल्या विनोदी पुस्तकात हा नियमच सांगितला आहे. आग्रह केल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत असे सोमाली लोक नेमके याच राज्यात मोठ्या संख्येनं वसले. ‘पूर्व असं आणि पश्चिम तसं’ या ढोबळ विभागणीवर फार विसंबू नये ते यासाठीच.

शरीराच्या भाषेतही असेच खड्डे आहेत. डाव्या हातानं वस्तू देऊ नये, हे फुलसावंगीला आणि सोमालियाला सारखंच ठाऊक आहे. युरोपात कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. एका बोटानं ‘इकडे ये’ अशी खूण करणं सोमाली माणसाला अपमानकारक वाटतं. परक्या स्त्रीशी किंवा पुरुषाशी हात मिळवण्याऐवजी पुष्कळ सोमाली लोक छातीवर हात ठेवतात. आपल्या खेड्यांत हात जोडतात. युरोपात मात्र पुढं केलेला हात रिकामा राहिला की समोरच्याला थप्पड बसल्यासारखं होतं.

टोपणनावांचं तर विचारूच नका. सोमाली समाजात लंगडणाऱ्याला, उंच माणसाला, मोठ्या कानांच्या माणसाला त्यावरूनच नाव पडतं आणि तो ते बिनधास्त मिरवतो. खुद्द राष्ट्राध्यक्ष सियाद बर्रे यांचं टोपणनाव ‘अफवेने’, म्हणजे मोठ्या तोंडाचा. आपल्या गावांतही लंगड्या, काळ्या, बुटक्या ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती सगळ्यांना गोडच लागतात असं नाही. पुष्कळ वेळा ती दुबळ्यालाच चिकटतात. दुसऱ्या गावचा शिष्टाचार म्हणून सगळंच पोटात घालायचं नसतं, हे इथं सांगायला हवं. रीत आहे म्हणून दुखावणं माफ होत नाही.

या सगळ्यात खरी ओढाताण परदेशात वाढणाऱ्या मुलांची होते. वडीलधारे रागावत असताना खाली मान घालून उभं राहायचं, हे संस्कार सोमाली घरातही आणि मराठी घरातही. शाळेतली बाई म्हणते, ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ आणि मान खाली घालणारं पोर तिला लबाड वाटतं. घरी येऊन त्यानं डोळे भिडवले की आजोबा म्हणतात, ‘फार शिंगं फुटली.’ दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या सभेत आईबापांसाठी दुभाष्याचं काम याच मुलांकडे येतं. आईचं रागीट वाक्य मवाळ करून आणि डॉक्टरांचं कोरडं वाक्य आपुलकीचं करून सांगायला ती दहाव्या-बाराव्या वर्षी शिकतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून सणवार, नाटकं, संमेलनं भरवत आलं आहे. तिथं भाषा जपली जाते. पण दोन रीतींमध्ये उभ्या असलेल्या मुलाला ‘तुझ्यावर कुठल्या वेळी काय गुदरतं?’ असंही कुणी विचारलं पाहिजे.

निकाल देणारी खुर्ची

एक प्रश्न उरतो : जुळवून कुणी घ्यायचं? ‘देश तसा वेश’ ही म्हण आपण येणाऱ्याला ऐकवतो, आणि तिच्यात तथ्य आहे. जर्मनीत रविवारी भिंतीला ड्रिल लावू नये, हे तिथं राहणाऱ्या मराठी माणसानं शिकलंच पाहिजे. पण नीट पाहिलं तर उद्धट कोण हे नेहमी खुर्चीवरचा माणूस ठरवतो. मुकादम ठरवतो, बाई ठरवते, घरमालक ठरवतो. ग्रेव्ही वाढणारीला मुकादम तुसडा वाटत असेलही; तिच्या मतानं त्याची नोकरी जात नाही, त्याच्या मतानं तिची जाऊ शकते.

ही खुर्ची कायम दुसऱ्याचीच असते असं नाही. पुण्यात आफ्रिकी देशांमधून, त्यात सोमालियातूनही, विद्यार्थी शिकायला येतात. तिथं दुकानदार आपण, घरमालक आपण. त्यांच्याकडे टक लावून बघणारे आपण, न विचारता केसांना हात लावणारे आपण, आणि ते मोठ्यानं बोलतात म्हणून खोली नाकारणारेही आपणच. गावात फरशी बसवायला आलेला बिहारचा कारागीर, हॉटेलात कामाला आलेला नेपाळचा पोरगा, अभ्यासिकेत ‘बे’ म्हणणारा यवतमाळचा विद्यार्थी, यांच्यापुढेही निकाल देणाऱ्या खुर्चीत आपणच बसलेले असतो.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. नवख्याचं बोलणं टोचलं, तर त्याच्या स्वभावावर शिक्का मारण्याआधी त्याला सरळ विचारावं, ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’ मग आपल्याकडे कसं करतात तेही सांगावं. त्यानंतरही तो तसाच वागला, तर खुशाल उद्धट म्हणावं. त्याआधी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.